गोदामात एआय: घाऊक किराणा-डाळ वितरणात नेमकं कुठे उपयोगी पडतं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या घाऊक वितरणाच्या गोदामाबद्दल विचारायचं आहे. जागा बारा हजार चौरस फूट. माल साधारण ६२० प्रकारचा: डाळी, पोहे, साखर, गूळ, तेल, मसाले, साबण. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून १८० दुकानं, गाड्या चार. तीन वर्षांचा हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, कॅमेरे लावा, पोती आपोआप मोजली जातील, मागणीचा अंदाज मिळेल, खरेदीची ऑर्डरही एआयच टाकेल. तीन प्रश्न आहेत. सुरुवात कुठून करावी? अंदाजावर किती भरवसा ठेवावा? कॅमेऱ्याची मोजणी खरी निघते का?

आकडेमोड

कॅमेरा सगळ्यात शेवटी. आधी टॅलीतून मालाची यादी एक्सेलमध्ये काढा आणि एकच माल किती नावांनी नोंदला आहे ते बघा. ‘तूर डाळ’, ‘तुर दाल’, ‘तुवर दाळ’ अशी तीन खाती असतील, तर कोणतंही मॉडेल (जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज काढणारा प्रोग्राम) त्यांना तीन वेगळे माल समजतं आणि तिन्हींचा अंदाज चुकवतं.

नावं जुळवायला भाषा-मॉडेलची, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या प्रोग्रामची, मदत होते, पण शेवटचा शब्द काउंटरवरच्या जुन्या माणसाचाच. ‘हरभरा डाळ’ आणि ‘चणा डाळ’ यांत अक्षरं जुळत नाहीत, माल मात्र एकच. ‘मूग मोगर’ आणि ‘मूग छिलका’ निम्मे सारखे दिसतात, माल वेगळा. तूर डाळीत ‘फटका’ आणि ‘सव्वा नंबर’ हे दोन दर्जे एकत्र केले की भावही बिघडतो आणि साठाही. मॉडेलकडून फक्त संशयित जोड्यांची यादी घ्या, हो-नाही माणसाने ठरवावं. ६२० नावांना दोन दुपारी पुरतात.

यानंतर तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, माप. कट्टा कुठे ३० किलोचा, कुठे ५० चा. सगळं किलोत आणा, पोती-कट्टे फक्त माल काढायच्या छापील चिठ्ठीवर ठेवा.

दुसरी, तारीख. बिल ज्या दिवशी टॅलीत चढलं तो दिवस आणि माल ज्या दिवशी दारातून गेला तो दिवस बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. महिनाअखेरीला चार दिवसांची बिलं एकदम चढली, तर मॉडेल शिकतं की दर महिन्याच्या ३० तारखेला मागणी चौपट होते.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: विक्री म्हणजे मागणी नव्हे. दुकानदाराने २० कट्टे मागितले, गोदामात १२ होते, टॅलीत १२ च दिसणार. पुढच्या वर्षीचा अंदाज त्या १२ वरून निघतो आणि माल पुन्हा कमी पडतो. ऑर्डर घेणाऱ्याच्या मोबाइलवर ‘मागितले’ आणि ‘दिले’ असे दोन रकाने आजच सुरू करा. जुन्या काळासाठी एवढं करता येतं की ज्या दिवशी शिल्लक शून्य होती, त्या दिवसांवर खूण करून ते मॉडेलच्या शिकवणीतून वगळायचे.

थप्पी_नंबर_एक

आकडेमोड भाऊंचं बरोबर, पण फरशीवरचं काम कागदाच्या आधी सुरू होतं. कोणत्या थप्पीत काय आहे हे ठावठिकाण्याने नोंदलेलं नसेल, तर शिल्लक कितीही अचूक दाखवा, हमालाला माल सापडत नाही.

ठावठिकाण्याचा कोड सोपा ठेवा: गल्ली, खण, थर. ‘अ-०३-२’ म्हणजे अ गल्ली, तिसरा खण, दुसरा थर. कोड खांबावर दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या उंचीवर, किमान तीन इंची अक्षरांत. बारकोडची चिकटपट्टी साध्या थर्मल कागदाची घेऊ नका. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. तो कागद उष्णतेने काळवंडतो आणि स्कॅनर वाचत नाही. रिबनवर छापणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या, २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) पुरतो. रिबन मेण-राळ मिश्र घ्या. निव्वळ मेणाची छपाई पोत्यांच्या घासण्याने पुसली जाते.

आता मालाची मांडणी. इथे गणित खरंच कामाला येतं. लोक किमतीवरून मोठा-छोटा माल ठरवतात. गोदामात मात्र हात किती वेळा लागतो ते बघायचं. तूपाचा डबा महाग, पण दिवसाला चार चिठ्ठ्यांत येतो. पाव किलो मिरची पावडरचं खोकं स्वस्त, पण साठ चिठ्ठ्यांत. गेल्या ९० दिवसांच्या चिठ्ठ्या घेऊन प्रत्येक मालाच्या ओळी मोजा. वरचे शंभर माल दाराजवळच्या दोन गल्ल्यांत, कमरेच्या उंचीवर आणा. मग कोणते माल एकाच चिठ्ठीत जोडीने येतात ते काढा: पोहे आणि शेंगदाणे, साबुदाणा आणि भगर. त्या जोड्या शेजारी ठेवा. हे एक्सेलच्या साध्या पिव्हट टेबलात जमतं, त्यासाठी मोठं मॉडेल विकत घ्यायची गरज नाही.

मांडणी सुचवणारा प्रोग्राम वापरलाच, तर त्याला तीन अटी आधीच घाला, नाहीतर तो फक्त अंतर वाचवतो. साबण, अगरबत्ती, फिनाइल हे डाळ-पिठापासून दूर, कारण वास लागतो. ३० किलोच्या वरचं पोतं खालच्या थरातच. भिंतीपासून दीड-दोन फूट जागा मोकळी.

आणि जिवाशी गाठ असलेली गोष्ट. डाळीला भुंगा लागला की ताडपत्रीखाली अल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. ती थप्पी किमान सात दिवस बंद असते, वर हवा खेळती करायचा वेळ वेगळा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं. गोदामाच्या प्रणालीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, तो खण ‘बंद’ दाखवला नाही, तर जुना माल आधी काढायच्या नियमाने चिठ्ठी नेमकी त्याच थप्पीची निघते आणि हमाल ताडपत्री उचलतो. धुरीतून सुटणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. कोणतीही प्रणाली घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: खण बंद करायची सोय आहे का, आणि बंद खणाची चिठ्ठी छापणं ती खरोखर थांबवते का?

गिरणाकाठ

धुरीचा मुद्दा कोणीच सांगितला नव्हता, तो पहिल्या पानावर लिहून ठेवला. आता अंदाजाचं सांगा. विकणारे ‘९५ टक्के अचूक’ म्हणतात.

आकडेमोड

९५ टक्के कशाचे, ते विचारा. वर्षाची एकूण साखर कोणीही ९५ टक्क्यांपर्यंत सांगेल. ‘पुढच्या आठवड्यात अ दर्जाचे पोहे किती कट्टे’ हा खरा प्रश्न आहे, आणि त्यात ७०–८० टक्के मिळाले तरी चांगलं. मोजमाप असं करा: सगळ्या मालांच्या चुकांची (कमी-जास्त चिन्ह न धरता) बेरीज भागिले एकूण विक्री. प्रत्येक मालाची टक्केवारी काढून सरासरी घेतली, तर ज्याची विक्री एखाद्या आठवड्यात शून्य किंवा एक आहे तो माल सगळा आकडा नासवतो.

आधी फुकटचा अंदाज बांधा: घातांकी सरासरी, म्हणजे ताज्या आठवड्यांना जास्त वजन देणारी सरासरी. २०२० च्या एम-५ स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीचा अंदाज हजारो संघांनी केला. पहिल्या क्रमांकाचे संघ लाइटजीबीएमसारखी निर्णय-झाडांची (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी अंदाज काढणारी) मॉडेलं वापरत होते, पण घातांकी सरासरीवर बेतलेल्या संदर्भ-अंदाजाला मागे टाकणारे संघ जेमतेम साडेसात टक्के निघाले. विकणाऱ्याचं मॉडेल या सरासरीपेक्षा तुमच्या शेवटच्या १२ आठवड्यांवर किती चांगलं आहे, ते त्याला समोर बसवून दाखवायला लावा. ते १२ आठवडे त्याला आधी देऊ नका.

खान्देशात सगळ्यात मोठी चूक कॅलेंडरची होते. परदेशी प्रणाली ‘गेल्या वर्षीचा हाच आठवडा’ बघते. आपली आखाजी (अक्षय्य तृतीया) २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मे ला, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. पुरणाची हरभरा डाळ, गूळ, गहू यांची उचल आखाजीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत होते. गेल्या वर्षीचा आठवडा धरला की माल अडीच आठवडे लवकर येऊन पडतो किंवा उशिरा येतो. कानबाईच्या सणाचंही तेच. त्याचा दिवस, म्हणजे नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २७ ऑगस्टवर गेला, २०२४ मध्ये ११ ऑगस्ट, २०२५ मध्ये ३ ऑगस्ट. या सणाच्या रोटांच्या डाळ-गव्हाची मागणी त्याच्याबरोबर सरकते.

म्हणून मॉडेलला तारीख देऊ नका, ‘आखाजीला किती दिवस उरले’, ‘कानबाईला किती दिवस उरले’ असे रकाने द्या. पंचांगावरून पाच वर्षांचा तक्ता एकदाच बनतो. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या दुकानांना होळी आणि त्याआधी भरणारे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार हा वेगळा रकाना हवा, तिथे दिवाळीपेक्षा होळीची उचल वेगळी असते. शहाद्याकडच्या दुकानांना सारंगखेड्याची दत्त जयंतीची यात्रा. हे रकाने घातले की साधं मॉडेलही सुधारतं, आणि ते परक्या गावच्या विकणाऱ्याला सुचणार नाहीत, तुम्हालाच द्यावे लागतील.

तापी_पाणलोट

एक भर. क्वचित विकला जाणारा माल, म्हणजे महिन्यातून दोनदा जाणारा, त्याला सरासरी चालत नाही. त्याच्यासाठी क्रॉस्टनची १९७२ ची पद्धत आहे: दोन विक्रींमधलं अंतर वेगळं मोजायचं, विक्रीचं प्रमाण वेगळं. ६२० पैकी निम्मा माल असाच असणार.

गिरणाकाठ

अंदाज सुधारला की साठा किती कमी होईल? पैसे अडकलेत ते तिथेच.

आकडेमोड

आकडे मांडून दाखवतो. उदाहरण म्हणून एक डाळ घ्या. आठवड्याची सरासरी विक्री ४०० कट्टे, अंदाजातली चूक म्हणजे प्रमाण विचलन ९० कट्टे. मिलकडून माल यायला सरासरी दोन आठवडे. शंभरात ९५ वेळा माल कमी पडू नये, म्हणून गुणक १.६५.

नेहमीचं सूत्र: १.६५ × ९० × √२ = २१० कट्टे राखीव साठा. बहुतेक प्रणाल्या इथेच थांबतात. पण गाडी कधी दीड आठवड्यात येते, कधी अडीच. ही अर्ध्या आठवड्याची डळमळ सूत्रात घातली तर वर्गमूळाखाली २ × ९०² अधिक ४००² × ०.५², म्हणजे १६,२०० + ४०,००० येतं. त्याचं मूळ २३७, गुणिले १.६५, म्हणजे ३९१ कट्टे. २१० ठेवले तर माल वारंवार संपतो आणि दोष मॉडेलवर जातो.

आता सुधारणा बघा. मॉडेलने चूक २० टक्क्यांनी कमी केली, ९० ची ७२ झाली, तर राखीव साठा ३९१ वरून ३७० वर येतो. वाचले २१ कट्टे. तेच पैसे न घालता मिलवाल्याशी ठरलेले वार पक्के केले आणि डळमळ अर्ध्यावर आणली, तर साठा २६७ वर येतो. वाचले १२४ कट्टे, म्हणजे ३० किलोचा कट्टा धरून पावणेचार टन.

म्हणून माल मागवल्याची तारीख, गाडी मिलवरून सुटल्याची तारीख आणि दारात आल्याची तारीख, ही तिन्ही प्रत्येक खरेदीला नोंदवा. सहा महिन्यांत कोणता पुरवठादार किती डळमळतो ते कळतं. हे माझ्या मते या सगळ्या धाग्यातलं सगळ्यात किफायतशीर काम आहे. अंदाजाचं मॉडेल त्यानंतर.

काटापट्टी

कॅमेऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पोतं सरकत्या पट्ट्यावरून जात असेल तर कॅमेरा चांगली मोजणी करतो. पोतं हमालाच्या पाठीवर असेल तर अवघड. दोन हमाल दारात एकमेकांना ओलांडतात, एक पोतं दुसऱ्याआड जातं, माग ठेवणारा प्रोग्राम दोघांना एकच समजतो. रिकाम्या हाताने परत येणारा हमाल खांद्यावर बारदान टाकून आला की तेही पोतं म्हणून मोजलं जातं.

लावायचाच असेल तर असा लावा. दाराच्या आतून, तीन ते साडेतीन मीटर उंचीवर, खाली तिरकस बघणारा. बाहेर तोंड करून नको, दुपारच्या उन्हात सगळी चित्रं काळी येतात. येण्याची आणि जाण्याची वाट दोरी किंवा रेलिंगने वेगळी करा, निम्म्या चुका तिथेच संपतात. दिवा एलईडी, न लुकलुकणारा. काच रोज सकाळी कोरड्या कापडाने पुसायची, डाळीचा भुसा दोन दिवसांत थर धरतो. तयार मॉडेलवर विसंबू नका. स्वतःच्या दारातली दीड-दोन हजार चित्रं खुणा करून शिकवा, त्यात संध्याकाळची, पावसाळी, ताडपत्रीची चित्रं हवीत. पांढरं प्लॅस्टिक पोतं आणि ज्यूटचं पोतं हे मॉडेलसाठी दोन वेगळे पदार्थ आहेत.

आणि कॅमेऱ्याला साक्षीदार वजनकाटाच. भरल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं, भागिले पोत्याचं वजन. कॅमेरा ३३०, काटा ३३१ म्हणतो, तर गाडी तिथेच थांबवून मोजा. काट्यातही फसगत आहे: एका तोलाला चालक गाडीत बसलेला आणि दुसऱ्याला उतरलेला असेल, तर ३० किलोची दोन पोती गायब किंवा जास्त दिसतात. दोन तोलांच्या मध्ये ३० लिटर डिझेल भरलं तर २५ किलो, जवळजवळ एक पोतं.

थप्पी_नंबर_एक

मी इथे असहमत. चार गाड्यांच्या गोदामाला कॅमेऱ्याचा खर्च पेलत नाही. दोन हातातले स्कॅनर घ्या, रोज सकाळी वीस खण मोजा. जिथे काल फरक निघाला, जिथे शिल्लक उणे दिसते, जिथे माल जास्त फिरतो, असे खण प्रणालीने निवडून द्यावेत. एआयचा तेवढा उपयोग पुरे. वीस खणांना दोन माणसांचा पाऊण तास लागतो. वर्षअखेरीची दोन दिवस गोदाम बंद ठेवून होणारी मोजणी त्यामुळे लागत नाही.

काटापट्टी

आवक मोठी असेल, दिवसाला आठ-दहा ट्रक, तर कॅमेरा. तुमच्या आकाराला स्कॅनर, हे मान्य.

फणी_आणि_घड

सावदा-रावेरकडच्या केळीच्या पिकवण कक्षांतही हाच धडा आहे, आधी मोजमाप नीट, मग मॉडेल, म्हणून थोडक्यात लिहिते. कक्षात १६ ते १८ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, फळ पिकवणारा इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर), पहिले २४ तास. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं मंदावतं, म्हणून हवा बदलायची. आता कॅमेऱ्याने सालीचा रंग बघून ‘परवा चौथ्या टप्प्यावर (हिरव्यापेक्षा पिवळा जास्त) येईल’ असं सांगणारी मॉडेलं मिळतात. अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा सेन्सरमुळे. तापमापी गार हवेच्या पंख्यासमोर लावली की ती १४ दाखवते आणि मधल्या खोक्यातल्या गराचं तापमान १९ असतं. एक तापमापी फळाच्या गरात टोचलेली हवी, थप्पीच्या मधोमध. महिन्यातून एकदा बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून शून्य दाखवते का ते बघा. रंगासाठी चौकटीत पांढरं कार्ड कायम ठेवा, नाहीतर दिवा बदलला की मॉडेलला सगळी केळी पिकलेली दिसतात.

हिवाळ्यात बागेतच थंडीचा चरका बसलेला माल कक्षात सारखा पिकत नाही, म्हणून लागवडीचा हंगाम (कांदेबाग की मृगबाग) आणि कापणीच्या आदल्या आठवड्यातलं किमान तापमान हे रकाने मॉडेलला द्यावे लागतात. गिरणाकाठ दादा, तुमच्या डाळीच्या ओलाव्याचंही तसंच: आवकेच्या वेळी ओलावा मोजून नोंदवला नाही, तर भुंगा कुठल्या थप्पीला आधी लागेल हे कोणतंच यंत्र सांगू शकत नाही.

सातपुडा_रस्ता

गाड्यांच्या मार्गांचं कोणी लिहिलं नाही. गूगलचा ओआर-टूल्स हा प्रोग्राम फुकट आहे. गाडीची क्षमता, दुकानाची वेळ, चालकाचे तास घालून मार्ग काढतं. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप, आणि त्यावर दोन ठिकाणांमधलं अंतर-वेळ काढायला ओएसआरएम. अडचण अशी की ओएसआरएममधला नेहमीचा वेग कारचा असतो. तोरणमाळचा घाट, धडगावचा रस्ता इथे भरलेल्या आयशर ट्रकचा वेग स्वतःच्या जीपीएसच्या नोंदींवरून बदलून द्या, पावसाळ्याचा वेगळा. उतराईचा वेळही घाला: दुकानामागे दहा मिनिटं अधिक पोत्यामागे अर्धा मिनिट, असं धरून सुरू करा आणि महिन्याने खऱ्या नोंदींवरून दुरुस्त करा. आठवडे बाजाराच्या दिवशी त्या गावात अकरानंतर गाडी शिरत नाही, ती अट दुकानाच्या वेळेत लिहा.

दोन बारकावे. मार्ग दुपारी चारपर्यंत पक्का व्हायला हवा, कारण शेवटच्या दुकानाचा माल गाडीत सगळ्यात आधी भरायचा असतो. रात्री मार्ग बदलला की सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. आणि प्रोग्रामने ऑर्डर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकली, तर ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीसाठीच्या जीएसटी कागदाच्या) ‘ब’ भागातला गाडी क्रमांक निघण्याआधी बदलायलाच हवा. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, तेव्हा फेरी लांबवताना तेही बघा.

गिरणाकाठ

खूप काही मिळालं. शेवटचं एक: खरेदीची ऑर्डर आपोआप जाऊ द्यावी का?

आकडेमोड

साबण, मीठ, काडेपेटी अशा स्थिर भावाच्या मालाला द्या. डाळींना नको. भाव चढायला लागले की दुकानदार गरजेपेक्षा जास्त उचलतात, मॉडेल त्याला मागणी समजून आणखी मागवतं, आणि भाव उतरले की माल तुमच्याकडे पडून राहतो. डाळींसाठी प्रणालीने फक्त सुचवावं. सूचनेशेजारी तीन आकडे दिसू द्या: आजचा भाव, तीस दिवसांपूर्वीचा भाव, हातातला साठा किती दिवसांचा.

शिवाय सरकारची साठामर्यादा. २१ जून ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात तुरीवर घाऊक व्यापाऱ्याला २०० टनांची मर्यादा होती आणि साठा केंद्राच्या पोर्टलवर जाहीर करावा लागत होता. असा आदेश पुन्हा आला, तर आपोआप जाणारी ऑर्डर तुम्हाला कायद्याच्या बाहेर नेऊ शकते. म्हणून प्रत्येक डाळीला कमाल साठ्याचा रकाना ठेवा, तो बदलायचा अधिकार फक्त मालकाकडे. वाटेत असलेला मालही त्यात मोजा. मर्यादेचा काळ मॉडेलच्या शिकवणीत घालताना त्यावर खूण करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी जुलैत मॉडेल विनाकारण हात आखडेल.